ताईचा पिवळा ड्रेस आणि आजीची गोधडी

एका घरात वाढलेल्या भावंडांपैकी ज्याने दुसऱ्याचा कपडा न विचारता कधीच अंगात घातला नाही, असे भावंड विरळाच. आज सत्तरी ओलांडलेल्या अनेक वाचकांना थोरल्या भावाचा टेरिलिनचा शर्ट आठवत असेल. तो भाऊ कामावर गेला की पेटीतून काढायचा, मिरवून यायचे, आणि संध्याकाळच्या आत होता तशीच घडी घालून जागच्या जागी ठेवायचा. मी स्वतः थोरल्या भावाची पँट खाली दोनदा दुमडून घातलेली आहे. काळ लोटला की अशा गोष्टींचे किस्से होतात. दवाखान्यात मात्र हा विषय किस्सा म्हणून येत नाही. तो खाज म्हणून येतो, आणि विचारले तर कोणी कबूल करत नाही.

मी गेली पंचवीसएक वर्षे जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो. पुढे सांगितलेल्या घराची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पाड्यावरचे सहा माणसांचे घर. आई-वडील दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तोवर घर सांभाळते ती पंच्याहत्तरीची आजी. थोरली नात जव्हारच्या महाविद्यालयात शिकते, धाकटी आश्रमशाळेत राहते आणि सुटीत घरी येते. सगळ्यांत लहान एक भाऊ. थोरलीने एक सुटी आई-वडिलांबरोबर भट्टीवर काढली, विटा वाहिल्या, आणि त्या पैशांतून एक पिवळा पंजाबी ड्रेस घेतला. पत्र्याच्या पेटीत तो सर्वांत वर असे.

जूनमध्ये थोरली माझ्याकडे आली. कमरेला, सलवारीची नाडी जिथे करकचून बसते तिथे, आणि जांघेत लालसर चकंदळे उठली होती. कडा उठावदार, मध्ये त्वचा थोडी निवळलेली. गजकर्ण, म्हणजे नायटा, ओळखायला फार विद्या लागत नाही. मी गोळ्या आणि मलम दिले. जुलैत ती बरी होत आली, ऑगस्टमध्ये पुन्हा तशीच. औषध अर्धवट सोडले असेल असे मी धरून चाललो. तिने रिकाम्या पाकिटांची पुरचुंडीच माझ्यासमोर ठेवली. एकही गोळी चुकली नव्हती.

मग मी तो प्रश्न विचारला, आणि फार वाईट रीतीने विचारला. आई, धाकटी, आजी सगळ्या समोर बसलेल्या असताना म्हणालो, "घरात कोणी हिचे कपडे वापरतं का?" आई लगेच धाकटीकडे वळली. धाकटी म्हणाली, "मी कशाला घालू?" थोरलीही म्हणाली, "माझ्या पेटीला कोणी हात लावत नाही." ती खोटे बोलत नव्हती. तिला खरोखरच ठाऊक नव्हते.

खुलासा केला आजीने, तोही सगळ्या बाहेर गेल्यावर. आमच्याकडची वृद्ध माणसे डॉक्टरशीही एकेरीत बोलतात. त्यात उद्धटपणा नसतो, जवळीक असते. ती म्हणाली, "तू पोरीला ओरडू नको, डॉक्टर. मी पाहिलंय. लग्नाच्या दिवसांत ती पिवळा ड्रेस काढायची. ताई यायच्या आधी परत ठेवायची." मग जरा थांबून, हसत म्हणाली, "मी पन बहिणीचं लुगडं नेसून बोहाड्याला गेलती. बहिणीला अजून ठाव नाही. आता ती राहिली पन नाही." मुखवट्यांचा बोहाडा हा या भागातला मोठा उत्सव, तिथे नवे लुगडे नेसून जाण्याची हौस किती असेल, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आजीने सांगितले तेव्हा माझ्या लक्षात आले की न विचारता नेलेल्या कपड्याबद्दल मी एक साधी गोष्ट विसरलो होतो: तो कधीच धुतला जात नाही. मागून घेतलेला कपडा माणूस धुऊन परत करतो. चोरून घेतलेला धुतला तर दोरीवर दिसतो, ओला असताना सापडतो, त्याची घडी बदलते. म्हणून तो घामासकट आणि त्वचेच्या बारीक कोंड्यासकट बंद पेटीत जातो. गजकर्णाच्या बुरशीला याहून चांगले घर नाही. तिचे बीजाणू त्वचेच्या सुट्या कणांत, कापडाच्या धाग्यांत महिनोन् महिने तग धरून राहतात. मे महिन्यात धाकटीच्या कमरेवरून ते ड्रेसच्या नाडीपट्टीत गेले, तिथून थोरलीच्या कमरेवर आले. नंतर थोरली गोळ्या खात राहिली आणि दर आठवड्याला तीच पट्टी पुन्हा कमरेला बांधत राहिली.

धाकटीला एकटीला बोलावले तेव्हा तिनेही सारे सांगितले. तिला हा त्रास वसतिगृहात सुरू झाला होता. एका मैत्रिणीकडची मलमाची नळी ती लावत होती. नळी पाहिली; स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक असे तिन्ही एकत्र असलेले मलम. याने दोन दिवसांत खाज थांबते, लाली फिकी पडते, आणि आतल्या आत बुरशी पसरत राहते, कारण स्टेरॉइड त्वचेची लढण्याची शक्तीच दाबून टाकते. महिनोन् महिने लावले तर जांघेतली त्वचा पातळ होऊन कायमचे पांढरट चरे पडतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांच्या यादीत घातली. तरीही ती हातोहात फिरताना दिसतात. गेल्या काही वर्षांत भारतभर गजकर्ण चिवट झाले आहे. या चिवट बुरशीच्या एका जातीला २०२० साली 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव मिळाले. नावातच भारत आहे, अभिमान वाटावा असे मात्र त्यात काही नाही. टर्बिनाफिन हे एकेकाळचे हुकमी औषध तिच्यावर बरेचदा चालत नाही. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत आटोपणारे उपचार आता दोन-दोन महिने चालतात.

इथे ज्येष्ठ वाचकांसाठी एक इशारा. कपड्यांप्रमाणे घरात गोळ्याही उसन्या घेतल्या जातात. नातीला गजकर्णावर दिलेल्या इट्राकोनॅझोलच्या गोळ्या उरल्या म्हणून आजोबांनी घेऊ नयेत. ज्यांचे हृदय कमकुवत आहे, पायांवर सूज येते, त्यांना ते औषध घातक ठरू शकते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या आणि रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन यांच्याशी त्याचे जमत नाही. पित्ताची गोळी चालू असेल तर त्याच्या कॅप्सूल पोटात नीट शोषल्याही जात नाहीत. घरातल्या ज्येष्ठांना गजकर्ण झाले तर डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत.

एवढ्यावर कोडे सुटले असे मला वाटले, आणि तिथेच माझी दुसरी चूक झाली.

आजी जुलैपासून खाजेची तक्रार करत होती. तक्रार म्हणजे काय, तर नातीला तपासत असताना ती बाजूला बसून मनगटे खाजवायची. मी तिचे हात वरवर पाहिले. त्वचा कोरडी, सुरकुतलेली. म्हटले, म्हातारपणी अंगातला ओलावा कमी होतो, अंघोळीनंतर खोबरेल तेल लावत जा. हे खोटे नाही. वृद्धांच्या खाजेचे सर्वांत मोठे कारण कोरडी त्वचाच असते. पण मी तिच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या नाहीत, आणि रात्री झोप लागते का हेही विचारले नाही. पिवळ्या ड्रेसचा उलगडा झाल्यावर आईने घरात जाहीर केले की आजीलाही "त्या ड्रेसचंच" लागले. मला क्षणभर ते पटले. पण आजीने तो ड्रेस कधी घातला होता?

पुढच्या खेपेला मी खिडकीजवळ उजेडात तिचे हात नीट पाहिले. बेचक्यांत बारीक पुरळ, मनगटाच्या आतल्या बाजूला खरवडल्याच्या रेषा, कमरेभोवती आणि काखेत तसेच. ही खरूज होती. मग धाकटीचे हात पाहिले. तिच्याही बेचक्यांत तेच, फक्त जुने आणि खपल्या धरलेले. कमरेच्या नायट्यापुढे तिने बोटांकडे लक्ष दिले नव्हते, आणि मीही नाही.

धाकटी वसतिगृहातून दोन आजार घेऊन घरी आली होती. गजकर्ण ताईच्या ड्रेसमधून गेले. खरूज गेली आजीच्या गोधडीतून. सुटीत घरी आली की ती आजीच्या कुशीत झोपते, लहानपणापासूनची सवय. खरूज पहिल्यांदा होते तेव्हा लागण झाल्यापासून खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. म्हणून मे महिन्यातल्या मायेची खाज आजीला पावसाळा लागल्यावर जाणवली, आणि तोवर नात शाळेत परतली होती. दोहोंचा संबंध कोणाच्याच ध्यानात आला नाही. घरातल्या प्रत्येकाने चोरून नेलेला ड्रेस धरून ठेवला होता. सर्वांच्या देखत रोज रात्री पांघरली जाणारी गोधडी कोणालाच आठवली नाही.

खरूज कपड्यांतून पसरते ही समजूत आपल्याकडेच आहे असे नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये खरजेची साथ होती आणि तिथले सरकार सैनिकांची पांघरुणे निर्जंतुक करण्यावर अमाप खर्च करत होते. केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने १९४१ साली शेफील्ड येथे एक धाडसी प्रयोग सुरू केला. सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून युद्धात लढण्यास नकार दिलेले काही तरुण स्वयंसेवक म्हणून आले. त्यांनी खरूज झालेल्या सैनिकांचे न धुतलेले आतले कपडे दिवसेंदिवस अंगावर वागवले, त्यांच्याच पांघरुणांत उघड्या अंगाने झोप घेतली. अशा साठहून अधिक प्रयोगांत लागण झाली ती केवळ २ वेळा. पुढे हेच स्वयंसेवक खरूज असलेल्या माणसांच्या शेजारी एका बिछान्यात झोपू लागले, तेव्हा मात्र खरूज सहज पसरली. कारण साधे आहे. नेहमीच्या खरजेत सगळ्या अंगावर मिळून जेमतेम १० ते १५ किडे असतात, ते त्वचेच्या आत बिळे करून राहतात आणि उबेत हळूहळू चालतात. घटकाभर घातलेल्या कपड्यात किडा सापडणे अवघड. रात्रभर बिलगून झोपलेल्या माणसाकडे जाणे सोपे. गोधडीपेक्षा गोधडीतली सोबत महत्त्वाची.

कपड्यांचा दोष मुळीच नसतो असे मात्र समजू नये. अंगावरच्या उवा तर कपड्यांच्या शिवणीतच घर करतात. ट्यूनिस येथे शार्ल निकोल या फ्रेंच डॉक्टरांच्या लक्षात आले की टायफस तापाचा रुग्ण रुग्णालयाच्या दाराशी अंघोळ घालून, कपडे बदलून आत घेतला की आतल्या कोणाला ताप येत नाही. पण त्याचे कपडे हाताळणारे आजारी पडतात. त्यावरून १९०९ साली त्यांनी उवांचा दोष सिद्ध केला, आणि १९२८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे कपडा दोषी की निर्दोष, हे आजार कोणता यावर ठरते. गजकर्ण आणि अंगावरच्या उवांमध्ये दोषी, साध्या खरजेत बहुतांशी निर्दोष.

खरजेचा एक प्रकार मात्र याला अपवाद आहे, आणि ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांनी तो ओळखायला हवा. अंथरुणाला खिळलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा फार अशक्त वृद्धांत किड्यांची संख्या हजारोंवर, कधी लाखांवर जाते. हातांवर, नखांभोवती, कोपरांवर जाड राखाडी खपल्या चढतात. चमत्कारिक गोष्ट अशी की खाज पुष्कळदा कमी असते किंवा नसतेच, त्यामुळे कोणाला खरजेची शंका येत नाही. सोरायसिस किंवा इसब समजून उपचार होतात. अशा रुग्णाच्या चादरी, कपडे, खुर्चीवरची उशी, सगळ्यांतून खरूज पसरते आणि सेवा करणाऱ्याला हमखास होते. वृद्धाच्या हातावर अशा खपल्या दिसल्या आणि घरात दुसऱ्या कोणाला खाज सुटली, तर थांबू नये. हातमोजे घालून स्पंज द्यावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

साध्या खरजेचे औषध सोपे आहे, लावण्याची शिस्त अवघड. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत, एकही इंच न सोडता लावायचे आणि ८ ते १४ तासांनी धुवायचे. बेचक्या, बेंबी, स्तनांखाली, नितंबांची घडी, नखांखाली. नखे आधी कापावीत. वृद्धांना डोक्याला, कानांमागे आणि डोळे-तोंड वगळून चेहऱ्यालाही लावावे. रात्री लघवीला उठून हात धुतले तर हातांना पुन्हा लावावे. हे बहुतेक जण विसरतात आणि किडे नेमके हातांवरच शिल्लक राहतात. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम मलम लागते. एक नळी तिघांत पुरवली की ती वाया गेली असे समजावे. आठवड्याने पुन्हा एकदा लावावे. घरातल्या सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री लावावे. घरात गरोदर स्त्री किंवा दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल तर आधी विचारावे. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. औषध लागू पडले नाही असे समजून रोज मलम चोळले की त्वचा भाजल्यासारखी होते.

आता धुण्याबद्दल. "सगळे कपडे रोज गरम पाण्यात धुवा" असे चिठ्ठीवर लिहिणे मला पूर्वी फार सोपे वाटे. मोखाड्यात पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी बायका विहिरीच्या तळाशी रांग लावतात. वैतरणेचे धरणांत साठलेले पाणी इथून मुंबईला जाते. पावसाळ्यात कपडे चुलीवरच्या दांडीवर चार-चार दिवस ओलेच असतात. अशा घराला रोज गरम पाणी सांगणारा डॉक्टर चूल आणि विहीर न पाहिलेला असतो. काही वर्षे मी तसाच होतो.

म्हणून मी आता आजारानुसार सांगतो. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. उपचाराच्या आधीच्या तीन दिवसांत वापरलेली पांघरुणे प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आठवडाभर बाजूला ठेवली तरी काम होते. थेंबभर पाणी लागत नाही. जड गोधडी धुण्याची तर गरजच नाही. बुरशीचे मात्र उलटे. पिशवीत बांधली तर ती मजेत राहते. तिला ६० अंशांचे पाणी हवे, म्हणजे हात बुडवता येणार नाही इतके गरम. तेवढे पाणी सगळ्या कपड्यांना पुरणार नसेल तर आतले कपडे, टॉवेल आणि कमरेला घट्ट बसणारे कपडे यांनाच द्यावे, तेही इतरांच्या कपड्यांपासून वेगळे. उलटे करून कडक उन्हात वाळवावेत. ऊन नसेल तर नाडीपट्टीवर आणि शिवणीवर गरम इस्त्री दाबून फिरवावी. ओलसर कपडा अंगावर वाळवू नये.

विचारण्याची रीतही मी बदलली. आता सगळ्यांसमोर "कोणी घेतलं?" असे विचारत नाही. एकेकाला आत बोलावून म्हणतो, "सगळ्याच घरांत भावंडं एकमेकांचे कपडे घालतात. तुमच्याकडे कोण कोणाचे घालतं?" या प्रश्नाला "नाही" असे उत्तर क्वचित मिळते. घरातल्या वृद्धांना मी मुद्दाम विचारतो. खाटेवरून किंवा ओट्यावरून त्यांना घरातली सगळी ये-जा दिसत असते. चुगली नको म्हणून ते गप्प बसतात, आणि कोणी विचारतही नाही. कोण कोणाच्या शेजारी झोपते हेही त्यांनाच नेमके ठाऊक असते.

त्या घराचे उपचार दिवाळीपर्यंत चालले. एका शनिवारी सहाही जणांनी एकाच रात्री मलम लावले. धाकटीला त्यासाठी सुटी काढून आणले होते. वसतिगृहातल्या तिच्या खोलीतल्या मुलींनाही तपासावे म्हणून मी चिठ्ठी दिली, कारण तिथे उपचार झाले नसते तर नाताळच्या सुटीत सगळे पहिल्यापासून सुरू झाले असते. दोघी बहिणींच्या गोळ्या दहा आठवडे चालल्या. जांघेतले चरे धाकटीच्या अंगावर राहिले. ते जाणार नाहीत हे तिला स्पष्ट सांगावे लागले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले ते ड्रेसबद्दल, "उकळला तर रंग जाईल का?"

रंग थोडा गेलाच. थोरली काही दिवस तिच्याशी बोलत नव्हती, असे आईने सांगितले. आई-वडील भट्टीवर निघण्यापूर्वी आजी हात दाखवायला आली, तेव्हा बेचक्या स्वच्छ होत्या. मनगटांना तेवढी कोरडी खाज उरली होती, आणि या वेळी ती खरोखर म्हातारपणाचीच होती. तिला रात्री शेजारी कोण झोपते ते विचारले. "धाकटी आली की धाकटी," ती म्हणाली. "तू नको म्हणालास तेवढे दिवस थांबली. आता येऊ दे ना?" मी हो म्हटले.